थोरला आधी की धाकटा?

पाकिटावर आधी गाव, मग 'ता. कळमेश्वर', शेवटी 'जि. नागपूर' असे लहानाकडून थोराकडे लिहीत जाणारे आपण सातबारा पाहण्यासाठी महाभूलेख उघडतो तेव्हा आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव असे उलटे चालतो, आणि तरीही जमीन तीच राहते. संगणकाच्या स्मृतीत मोठी संख्या अनेक बाइटांत विभागून ठेवताना थोरला बाइट आधी मांडावा की धाकटा, हा वाद त्याच जातीचा आहे. १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन यांनी, अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून लढणाऱ्या स्विफ्टच्या कादंबरीतील पक्षांची नावे, बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन, या दोन पंथांना दिली व कोणताही एक क्रम मुक्रर करावा अशी विनवणी केली. आंतरजालाने थोरला क्रम पत्करला. इंटेलची यंत्रे धाकट्यावरच राहिली.

आपल्याकडे या दोन क्रमांमधली ये-जा सी-डॅकच्या महासंगणकांत दिसते. नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयात शिकलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली पुण्यात सिद्ध झालेला परम ८००० ट्रान्सप्युटर चिपांवर, म्हणजे धाकट्या क्रमावर चाले. १९९८ चा परम १०००० अल्ट्रास्पार्क चिपांमुळे थोरल्याकडे वळला, आणि २००८ चा परम युवा इंटेलसह पुन्हा धाकट्याकडे आला. शास्त्रीय गणनेत याने फारसे बिघडत नाही, कारण जुने आकडे नव्या क्रमात उतरवून घेण्यास कोणाची हरकत नसते.

आभासी चलनाच्या खतावणीला ही मुभा नाही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या कर्त्याने बिटकॉइनची आज्ञावली इंटेल-जातीच्या यंत्रावर रचली आणि स्मृतीत संख्या जशा पडल्या होत्या तशाच त्या दप्तरी दाखल केल्या. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकच्या ८० बाइटांच्या मथळ्यात २०८३२३६८९३ ही संख्या, जिचे षोडशमान रूप ७सी २बी एसी १डी असे आहे, ती म्हणूनच १डी एसी २बी ७सी अशी नोंदलेली आढळते. त्याच आज्ञावलीत जाळ्यावरील पत्ता आणि पोर्ट क्रमांक मात्र थोरल्या क्रमाने जातात, एसएचए-२५६ ही मुद्राप्रक्रिया स्वतः थोरला क्रम मानते, आणि तिचे फलित दाखवताना पुन्हा उलटवले जाते, त्यामुळे पडद्यावर आरंभी झळकणारी शून्ये प्रत्यक्षात शेवटी असतात! प्रत्येक ब्लॉकची मुद्रा बाइटांच्या क्रमावर अवलंबून आणि पुढचा ब्लॉक त्या मुद्रेवर अवलंबून, अशी साखळी असल्यामुळे एका जागीही क्रम दुरुस्त करणे म्हणजे सारी खतावणी रद्द करणे होय.

तेव्हा दुरुस्ती दप्तराची नव्हे, वाचणाऱ्याची करावी लागली. बिटकॉइनच्या आज्ञावलीच्या जुलै २०१५ मधील ०.११ आवृत्तीत स्मृतीची जशीच्या तशी नक्कल उतरवण्याची रीत मोडून, यंत्र कोणत्याही पंथाचे असो, बाहेर जाणारी संख्या ठरलेल्या क्रमातच जाईल अशी तजवीज झाली. मिप्स आणि पॉवरपीसी यंत्रांवर ती पारखलीही गेली, तरी तिच्यावर 'प्रायोगिक' हा शिक्का होता. त्याच महिन्यात इथेरियम हे दुसरे आभासी चलन थोरला क्रम घेऊन सुरू झाले; परंतु १ डिसेंबर २०२० रोजी चालू झालेल्या त्याच्या नव्या शाखेने, हल्लीची बहुतेक यंत्रे धाकट्या क्रमाची म्हणून, धाकटा क्रम स्वीकारला, आणि दोहोंना जोडणाऱ्या ठेव-करारात रक्कम उलटवून लिहिण्याचे एक खास कलम घालावे लागले. हाताशी असलेल्या यंत्रावर काम केल्याची सबब नाकामोतोला मिळू शकते. अकरा वर्षांनी, सारे ठाऊक असताना, एकाच घरात दोन क्रम नांदवणाऱ्यांना ती मिळू नये.