पिना नसतील तर पातंही अडेल

आतड्याचा रोगट भाग काढून टाकायचा असतो तेव्हा सर्जन बऱ्याचदा लिनिअर कटर नावाचा स्टेपलर हातात घेतात. त्याच्या पुढच्या टोकाला दोन लांबट जबडे असतात. एकात पिनांची कार्ट्रिज बसते, दुसऱ्यावर बारीक खळगे कोरलेले असतात. आतडं मध्ये धरून खटका आवळला की टायटॅनियमच्या पिना आरपार घुसतात, समोरच्या खळग्यांत वळतात आणि इंग्रजी ‘बी’ अक्षराचा आकार घेतात. त्या आकारात राहिलेल्या फटींतून सूक्ष्म रक्तवाहिन्या वाहत्या राहतात, म्हणून कापलेली कड जिवंत राहते. पिनांच्या पाठोपाठ मधून पातं धावतं आणि दोन्ही बाजूंची तोंडं बंद झालेलं आतडं दुभंगतं. पिनांची रांग संपण्याच्या किंचित आधीच पातं थांबतं, त्यामुळे कापाच्या शेवटच्या टोकालाही टाका मिळतो.

पण कार्ट्रिजमध्ये पिनाच नसतील तर? कचेरीतल्या स्टेपलरच्या पिना संपल्या तर कागद नुसता दबतो, बिघडत काही नाही. इथे मात्र पिनांबरोबर पातंही आहे. ते एकटंच धावलं तर आतडं दोन्हीकडून उघडं पडेल. जबड्यात मोठी रक्तवाहिनी असेल तर हातात उरतील काही क्षण.

पहिल्या स्टेपलरला हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटला होता. 1908 साली बुडापेस्टमध्ये सर्जन हुमेर ह्युल्टल यांनी तो वापरला. वजन साडेतीन किलोंच्या आसपास, आणि जुळवून तयार करायला सुमारे दोन तास. पिना आहेत की नाहीत याची खात्री तो जुळवणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून होती. पुढे भरलेल्या तयार कार्ट्रिज आल्या आणि काम विलक्षण सोपं झालं. पण एक नवी अडचणही आली. वापरलेली कार्ट्रिज जबड्यात तशीच राहते, आणि एका शस्त्रक्रियेत ती अनेकदा बदलावी लागते. गडबडीत कोणाचं लक्ष चुकलं तर?

यावर अभियंत्यांनी काढलेली युक्ती पाहिली की मन थक्क होतं. कार्ट्रिजच्या तळाशी एक छोटी पाचर असते. खटका आवळला की पातं तिला पुढे ढकलतं. पाचर सरकत जाते आणि तिच्या उतारावर पिना एकामागून एक उचलल्या जातात. नव्या कार्ट्रिजमध्ये ही पाचर अगदी मागे, पात्याच्या तोंडाशी असते. एकदा वापर झाला की पातं मागे येतं, पाचर मात्र पुढच्या टोकालाच राहते.

आता जबड्याच्या तळात, पात्याच्या वाटेवर, सुरुवातीलाच एक खाच ठेवलेली असते. अनेक स्टेपलरमध्ये स्प्रिंग पात्याला सतत या खाचेकडे दाबत असते. कार्ट्रिज नवी असेल तर पात्याचं नाक पाचरीवर टेकतं, ते उचललेलं राहतं आणि खाच ओलांडून पुढे जातं. कार्ट्रिज वापरलेली असेल, किंवा बसवायचीच राहून गेली असेल, तर टेकायला पाचर नाही. पातं खाचेत उतरतं आणि तिथेच अडतं. सर्जनने कितीही जोर लावला तरी खटका पुढे जात नाही.

यात सेन्सर नाही, बॅटरी नाही. पिना उचलणारी वस्तूच पात्याला वाट मोकळी करून देते. ती जागेवर नसणं हाच इशारा, आणि तोच अडसर. एवढ्याशा प्लास्टिकच्या किंवा धातूच्या तुकड्यावर इतकं शहाणपण कोरून ठेवणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

अशाच आणखी अटी या अवजारांत गुंफलेल्या असतात. जबडे पूर्ण मिटल्याशिवाय पिना मारण्याचा खटका हलत नाही. गुदाशयाच्या शस्त्रक्रियेतल्या गोल स्टेपलरमध्ये दोन पृष्ठभागांतलं अंतर खिडकीतल्या काट्यावर दिसतं, आणि काटा हिरव्या पट्ट्यात आल्यावरच सेफ्टी सुटते. काम झाल्यावर सर्जन आत कापून आलेल्या ऊतींच्या दोन चकत्या तपासतात. दोन्ही अखंड असतील तर जोड पूर्ण वर्तुळात बसल्याची पहिली खूण मिळते.

तरीही अपघात होतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेकडे 2011 ते मार्च 2018 या काळात शरीरांतर्गत स्टेपलर आणि पिनांबद्दल 41,000हून अधिक तक्रारी पोचल्या. त्यांत 366 मृत्यूंची नोंद होती. 2021 मध्ये या स्टेपलरना अधिक कडक नियमांच्या वर्गात हलवण्यात आलं.

खाच असूनही अपघात होण्याचं एक कारण म्हणजे तिला एकच प्रश्न कळतो: नवी कार्ट्रिज आहे का? समोरची ऊती किती जाड, किती सुजलेली, हे तिला उमगत नाही. एका प्रचलित मालिकेत पांढऱ्या कार्ट्रिजची मिटलेली पिन सुमारे 1 मिलिमीटर उंच असते, निळीची 1.5, हिरवीची 2. जाड जठरावर पांढरी बसवली तर खाच हूं की चूं करणार नाही, पण पिना नीट वळणार नाहीत. त्यासाठी ऊती बोटांनी जोखावी लागते, जबडे मिटल्यावर थोडं थांबून आतला द्रव सरकू द्यावा लागतो. विसरण्यापासून माणसाला वाचवणारं यंत्र आपण बनवलं, ही मोठीच गोष्ट आहे. चुकीची निवड टाळण्याचं काम मात्र अजूनही सर्जनच्या अनुभवाकडेच आहे, म्हणून यंत्र जितकं भरवशाचं होत जाईल तितकंच ते वापरायला शिकवणंही काटेकोर व्हायला हवं.