आंब्याच्या कलमास वळण देणे

आंब्याचे कलम लहान असताना त्याचा शेंडा छाटून व निवडक फांद्या राखून झाडाचा सांगाडा घडविण्याच्या क्रियेस वळण देणे म्हणतात. छाटणीने वाढलेल्या झाडाचा विस्तार आवरला जातो. तो विस्तार मुळात कसा असावा, हे वळणाने ठरते.

तत्त्व : शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे हॉर्मोन खालच्या, पानांच्या बगलेतील कळ्यांची वाढ रोखते. शेंडा काढताच हा अटकाव दूर होऊन त्या कळ्या फुटतात. आंब्याचा मोहोर बहुधा पक्व डहाळ्यांच्या टोकांस येत असल्याने, उन्हात राहणारी टोके जितकी अधिक तितकी फलधारणेस जागा अधिक मिळते.

पद्धती : कलमाच्या जोडाखाली येणारी खुंटाची फूट वेळोवेळी काढतात, ती वाढल्यास हापूसाऐवजी खुंटाचे रायवळ झाडच वरचढ होते. मुख्य खोड जमिनीपासून सु. ६०–७० सेंमी. उंचीवर कापतात. आंब्याची वाढ टप्प्याटप्प्याने होते व प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पानांचे व कळ्यांचे दाट कडे तयार होते. काप या कड्याच्या वर घेतल्यास एकाच जागी अनेक फांद्या फुटून गर्दी होते आणि पुढे अशी बेचकी भाराने फाटते. तो कड्याच्या खाली घेतल्यास फांद्या मोजक्या व अंतराअंतराने येतात. त्यांपैकी निरनिराळ्या दिशांच्या व खोडाशी रुंद कोन करणाऱ्या तीन-चार राखतात. त्या पक्व झाल्यावर त्यांचेही शेंडे छाटतात. सुरुवातीची सु. तीन वर्षे येणारा मोहोर खुडून टाकतात.

ठाणे जिल्ह्यात पावसाळी पर्जन्यमान २,००० मिमी.हून अधिक असून ओल्या हवेत कापातून कवकांचा शिरकाव होतो. म्हणून हे काम पाऊस ओसरल्यावर, कोरड्या हवेत करून कापावर बोर्डो मलम लावतात. सर्व फळझाडांस ही रीत लागू नाही. पालघर जिल्ह्यातील (२०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचा भाग) घोलवड-डहाणू परिसरातील चिकूस निसर्गतःच मांडणीबद्ध फांद्या येतात. तेथे खिरणीच्या खुंटाची फूट व जमिनीलगतच्या फांद्या काढणे बहुधा पुरेसे होते.

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील आवारांत भिंती व विजेच्या तारा जवळ असल्याने बुटका, पसरट सांगाडा विशेष उपयुक्त ठरतो. त्याची फळे झेल्याने सहज उतरविता येतात. वळण न दिलेले झाड उंच व एकांगी वाढते. तोवर उपायही मर्यादित झालेले असतात. कारण महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये शहरात झाड तोडण्यास पूर्वपरवानगी लागते, तर जाड फांद्यांच्या मोठ्या जखमा सावकाश भरतात.