न विचारताच दिलेली उत्तरं

डेबियन लिनक्स हाताने बसवायला घेतलं की पडदा एकामागून एक प्रश्न विचारतो. भाषा कोणती, देश कुठला, कीबोर्ड कसला, डिस्कचे भाग कसे पाडायचे, पासवर्ड काय ठेवायचा. एका मशीनपुरतं हे चालून जातं. यवतमाळ किंवा पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लॅबमध्ये मात्र मशीन ओळीने मांडलेली असतात आणि तेच प्रश्न प्रत्येकासमोर बसून सोडवावे लागतात. संध्याकाळपर्यंत कुणीतरी घाईत काही वेगळं निवडतं आणि पुढे वर्षभर ते एक मशीन इतरांपेक्षा निराळं वागतं.

यावर डेबियनकडे प्रीसीड फाइल आहे. साधा मजकूर, ओळीत चार गोष्टी: प्रश्न कोणाचा, प्रश्नाचं नाव, उत्तराचा प्रकार आणि उत्तर. इन्स्टॉलर त्या प्रश्नापाशी आला की उत्तर तयार असतं, म्हणून प्रश्न पडद्यावर येतच नाही. प्रकार आणि उत्तर यांच्यात मात्र एकच स्पेस किंवा एकच टॅब हवा. जास्तीची स्पेस उत्तराचाच भाग धरली जाते. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे शोधताना फार छळते.

फाइल सर्व्हरवर ठेवणं सर्वांत सोयीचं, कारण पीएक्सई या सोयीने मशीन थेट नेटवर्कवरून सुरू होतं आणि पेनड्राइव्ह घेऊन फिरावं लागत नाही. पण भाषा आणि देश हे प्रश्न नेटवर्क जोडलं जाण्याआधीच येतात. फाइल पोचते तेव्हा ते विचारून झालेले असतात. म्हणून ही उत्तरं बूटच्या ओळीतच लिहायची, किंवा तिथे 'ऑटो' चालू करून ते प्रश्न पुढे ढकलायचे.

भाषेच्या या एका ओळीवर माझा जीव आहे. फेब्रुवारी 2009 मध्ये आलेल्या 'लेनी' आवृत्तीपासून डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत बोलतो, ग्राफिकल रूपात. तरी समोर यादी आली की हात सवयीने इंग्रजीकडे जातो. बूटच्या ओळीत किंवा फाइलमध्ये मराठी आणि भारत एकदा लिहून ठेवलं, देवनागरी फॉन्ट आणि टायपिंगची पॅकेजेस यादीत घातली, की घाटंजी-उमरखेडहून आलेल्या मुलासमोर मशीन पहिल्या दिवशीच मराठीत उघडतं. ते कुणाला मागावं लागत नाही.

आधीच उत्तरं देण्याची ही सोय फक्त डेबियनकडे नाही: रेड हॅटचं किकस्टार्ट आणि विंडोजची अनअटेंड फाइल हेच काम करतात. उबुंटू सर्व्हर 20.04 पासून प्रीसीड सोडून ऑटोइन्स्टॉलकडे वळला.

प्रीसीड फाइलमधला धोका डिस्कच्या ओळीत आहे. 'पुसून टाकू का?' याला आधीच 'हो' लिहिलेलं असतं, त्यामुळे चुकून नेटवर्कवरून सुरू झालेला एखाद्याचा लॅपटॉपही रिकामा होऊ शकतो. बूट मेनूची पहिली नोंद नेहमी मशीनच्या स्वतःच्या डिस्कची असावी आणि इन्स्टॉलेशन कुणीतरी मुद्दाम निवडल्यावरच सुरू व्हावं. पासवर्डही उघडा लिहू नये, त्याचा हॅश द्यावा.

फाइलमधली # या चिन्हाने सुरू होणारी ओळ इन्स्टॉलर वाचत नाही. ती जागा माणसांसाठी आहे. तिथे प्रत्येक उत्तरामागचं कारण मराठीत लिहावं: ही विभागणी का, हा कीबोर्ड का, हे कधी बदललं. लॅब सांभाळणारा बदलून दुसऱ्या तालुक्याला गेला, तरी नव्या माणसाला ही फाइल उघडून पुढचं काम हाती घेता येतं.