शिवणीतली माया

शिंप्यांच्या भाषेत ‘माया’ म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड. पोर वाढेल, माणूस अंगानं सुटेल, हे धरून शिंपी ते आत ठेवतो. बाहेरून दिसत नाही. कादंबऱ्या लिहायला लागल्यावर हा शब्द मला फार आवडू लागला, पण त्याचा उपयोग १९८२ सालीच झाला होता.

आम्ही लालबागचे. वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पाच-सहा महिन्यांनी, घरातली तांब्या-पितळेची भांडी मोडीत जाऊ लागली तेव्हाच, मला बँकेच्या मुलाखतीचं पत्र आलं. कोटाची सक्ती नव्हती. पण वडील म्हणाले, “साहेबांसमोर बसायचं, कोट हवा.” आणि त्यांनी ट्रंक उघडली.

आत त्यांचा लग्नातला गरम कापडाचा कोट होता. आई दर ऑक्टोबरात तो उलटा करून उन्हात घालायची आणि वेखंडाचे तुकडे टाकून मलमलीत गुंडाळायची. घडी मात्र दर वेळी दुसरीकडे मोडायची. एकाच रेघेवर वर्षानुवर्षं मोडलेलं कापड तिथंच विरतं. शालू-पैठणीचंही तेच. कपाटात नुसत्या जपून ठेवलेल्या किती पैठण्या घडीवर चिरलेल्या मी पाहिल्यात!

कोट गिरगावातल्या एका वाडीत शिवलेला. मास्तर म्हातारे झाले होते, पण दुकान होतं. त्यांनी मला कोट चढवायला लावला आणि छातीकडे न बघता आधी खांदे बघितले. “छाती, कंबर, बाही सोडता येते, आवळता येते. खांदा आणि मुंढा चुकला तर नवा कोट शिवलेला बरा. तू खांदा बापाचाच घेतलायस, सुटलास.” वडील लग्नात काडीसारखे होते, मी छातीला भरलेला. मास्तरांनी बाजूची शिवण उसवली. आत बोटभर कापड निघालं, काळंभोर, कालच ठाणातून कापल्यासारखं.

ते काम करीत होते तेवढ्या वेळात वडील फळीवरच्या ठाणांना हात लावत बसले. सहा महिने हाताखाली कापड नव्हतं त्यांच्या. एक सुती कापड त्यांनी उजेडासमोर धरलं, मुठीत चुरगाळलं, मग दोन्ही हातांनी चोळलं. पांढरी भुकटी पडली. “खळ आहे नुसती. दोन धुण्यांत जाळी होईल.” मला म्हणाले, “साच्यावर उभा धागा ताणलेला असतो. पहिल्या पाण्यात तो सुटतो नि कापड आटतं, लांबीला जास्त. म्हणून कापायच्या आधी पाण्यातून काढायचं.” हे आटणं गिरणीतच उरकून घेण्याची रीत अमेरिकेतल्या सॅनफर्ड क्लूएट यांनी काढली, म्हणून कापडावर ‘सॅन्फोराइज्ड’ असा शिक्का येई. वडील शिक्का बघून मान डोलवायचे आणि तरीही कापड रात्रभर बादलीत घालायचे.

मास्तरांनी कोटाची कॉलर चिमटीत धरून दाखवली. आतला कॅनव्हास हातशिलाईचा, कापडापासून सुटा हलत होता. हल्लीच्या बऱ्याच कोटांत तो उष्णतेनं चिकटवलेला असतो. ड्रायक्लीनच्या फेऱ्या झाल्या की कधी कधी छातीवर फुगे येतात. मग ओलं फडकं पसरून त्यांनी कोळशाची इस्त्री ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. गरम कापडावर इस्त्री ओढायची नसते. ओढली की चमक येते आणि ती जात नाही.

“किती झाले?” वडिलांनी विचारलं.

“साचे सुरू होऊ देत, मग द्या.”

वडील पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. तो संप कधी रीतसर मागेही घेतला गेला नाही. मास्तरांचे पैसे मी पहिल्या पगारातून दिले.

बँकेच्या खुर्चीनं माझी कंबर वाढवली. पँटची मागची शिवण दोनदा सोडवली. मग तयार कपडे आले आणि शिंप्याकडे जाणं थांबलं. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आता मॉल आहे. तिथं गेलो की मी जाकिटं उलटी करून शिवण बघतो. ओव्हरलॉकची दोऱ्याची रांग आणि पाव इंच कापड. किंमत मात्र वडिलांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी. विक्रेता मुलगा संशयानं जवळ येतो. त्याला वाटतं, काका काही फाडणार.

निवृत्तीनंतर साखरेनं मला वाळवलं. गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी कोट काढला तर अंगावर लोंबायला लागला. दादरला एक अल्टरेशनवाला आहे, त्याच्याकडे गेलो. त्यानं बाजू उसवली, चष्मा कपाळावर चढवला आणि कापड दिव्याजवळ नेलं.

“काका, जुन्या शिलाईची भोकं अजून दिसतायत. त्याच रेघेवरून मारू? का माप घेऊ?”

“त्याच रेघेवरून मारा,” म्हटलं.

घालून बघितला. बरोबर बसला.