विश्लेषण : तुटलेला मज्जातंतू पेशींच्या मदतीने पूर्ववत होईल?

दुचाकीचा अपघात, पॉवर प्रेसमध्ये अडकलेला हात किंवा संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने कापलेली बोटे. जखम भरते, टाके निघतात, पण बोट हलत नाही, चटका बसला तरी कळत नाही. कारण आतला मज्जातंतू तुटलेला असतो. अशा दुखापतींवर पेशींचा किंवा पेशींपासून मिळणाऱ्या घटकांचा उपचार म्हणून वापर करण्याचे प्रयोग सुरू आहेत. ते कुठवर आले आहेत?

तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो का?

मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेर, हातापायांत पसरलेल्या तंतूंना परिघीय मज्जातंतू म्हणतात. त्यांच्यात पुन्हा वाढण्याची क्षमता असते. तंतू तुटला की तुटीच्या पुढचा भाग नष्ट होतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये या प्रक्रियेचे वर्णन केले. तंतूभोवतीच्या श्वान पेशी मग मोडतोड साफ करतात, ओळीने उभ्या राहून वाट तयार करतात आणि वाढीला पोषक प्रथिने सोडतात. त्या वाटेने नवा तंतू पुढे सरकतो.

मग अडचण कुठे?

वेगात. तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. दंडाच्या वरच्या भागात इजा झाली आणि हाताच्या पंजातील स्नायू तिथून ६० सेंटिमीटरवर असतील, तर पोहोचायला ६०० दिवस, म्हणजे सुमारे २० महिने लागतील. मात्र संदेश बंद झालेला स्नायू साधारण १२ ते १८ महिन्यांत पुन्हा जोडला जाण्याची क्षमता गमावू लागतो. तार पोहोचते, पण तोवर दिवा निकामी झालेला असतो.

सध्या उपचार काय?

टोके जवळ असतील तर ती सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. मधला तुकडाच गेला असेल तर रुग्णाच्या पोटरीतील ‘सुरल’ मज्जातंतू काढून तिथे जोडतात. ही आजही सर्वाधिक भरवशाची पद्धत आहे, पण त्या बदल्यात पावलाच्या बाहेरच्या कडेची संवेदना जाते. अंतर कमी असल्यास कोलेजनसारख्या पदार्थाची नळी किंवा पेशी काढून टाकलेला दात्याचा मज्जातंतू वापरता येतो. मात्र रिकाम्या नळीत पोषण देणाऱ्या श्वान पेशी नसतात. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न पेशी-उपचारांत होत आहे.

प्रयोगांतून काय दिसले?

अमेरिकेतील मायामी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये मांडीच्या सायॅटिक मज्जातंतूत ७.५ सेंटिमीटरची तूट असलेल्या रुग्णाची माहिती प्रसिद्ध केली. रुग्णाच्याच श्वान पेशी प्रयोगशाळेत वाढवून सुरल तुकड्यांसोबत बसवल्या होत्या. हालचाल आणि संवेदना काही प्रमाणात परतली. पण तुकडेही जोडलेले असल्याने सुधारणेत पेशींचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही.

जपानच्या क्योटो विद्यापीठात रुग्णाच्या त्वचेतील पेशींपासून थ्रीडी प्रिंटरने नळी तयार करून ती बोटांच्या मज्जातंतूंत बसवण्यात आली. तिन्ही रुग्णांची संवेदना सुधारली. निष्कर्ष आशादायक, पण रुग्ण तीनच.

श्वान पेशी मिळवायला निरोगी मज्जातंतू कापावा लागतो. म्हणून चरबी आणि अस्थिमज्जेतील स्टेम सेल म्हणजेच मूळ पेशींवर, तसेच पेशी सोडत असलेल्या ३० ते १५० नॅनोमीटरच्या ‘एक्सोसोम’ कणांवर संशोधन सुरू आहे. हे काम मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांपुरते आहे.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

‘स्टेम सेलने नस बरी करू’ अशा जाहिरातींपासून सावध राहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले, तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर वैद्यकीय चाचणीतच करता येतो. चाचणीची नोंद ‘सीटीआरआय’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. चाचणीतील उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेणे अपेक्षित नाही.

जखमेनंतर बधिरपणा किंवा बोट न हलणे जाणवले, तर ‘टाके निघाल्यावर बघू’ म्हणू नये. हाताच्या शस्त्रक्रियेतील तज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनला लगेच दाखवावे. तंतू वाढेपर्यंत सांधे आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपी सुरू ठेवावी. नवा उपचार दवाखान्यात येईल तेव्हा येईल. दिवसाला १ मिलिमीटरच्या या शर्यतीत वाया गेलेला महिना मात्र परत मिळत नाही.