रामन राघव खटला : मनोविकार आणि फौजदारी जबाबदारी

प्रस्तावना

१९६८ साली मुंबईच्या उपनगरांत पदपथांवर व झोपड्यांत रात्री झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर जड, बोथट हत्याराने घाव घालून त्यांना ठार करण्याचे सत्र सुरू झाले. मारेकरी रामन राघव याचे नाव त्यानंतर कित्येक वर्षे लोकांच्या मनात भीतीचे प्रतीक बनून राहिले. चित्रपटांनीही त्याचा वापर केला. परंतु या प्रकरणाचे अभ्यासमूल्य भीतीत नसून त्याच्या न्यायालयीन कामकाजात आहे. आरोपीने कृत्य केले की नाही, याविषयी या खटल्यात वाद नव्हता. वाद होता तो त्याच्या मनाविषयी. वैद्यकशास्त्र ज्याला मनोरुग्ण म्हणते, त्याला कायदाही तसाच मानतो का, या प्रश्नाचा या खटल्याच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रकरणाची पार्श्वभूमी

अशा हल्ल्यांची एक मालिका १९६५-६६ मध्येही घडली होती. जीआयपी रेल्वेमार्गालगतच्या वस्तीत तेव्हा १९ जणांवर हल्ले झाले व त्यांपैकी ९ जण मरण पावले. त्या वेळी संशयावरून रामन राघवला ताब्यात घेण्यात आले होते. परंतु ठोस पुरावा न मिळाल्याने त्याला सोडून द्यावे लागले. १९६८ मध्ये हत्या पुन्हा सुरू झाल्यावर गुन्हे शाखेचे प्रमुख रमाकांत कुलकर्णी यांनी तपास हाती घेतला. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला ओळखून अटक केली. सिंधी दलवाई, तळवाई, अण्णा, थंबी, वेलुस्वामी अशी अनेक नावे धारण करणारा हाच इसम रामन राघव होय, हे पूर्वीच्या नोंदीतील बोटांच्या ठशांवरून निश्चित झाले. आरंभी तो कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देत नव्हता. पुढे त्याने २३ हत्यांची कबुली दिली.

बळी पडलेली माणसे बहुतांशी निवाऱ्याविना वा कच्च्या आडोशाला झोपणारी, अत्यंत गरीब होती. मारेकऱ्याचे नाव सर्वतोमुखी झाले. मृतांची नावे मात्र कोणाच्या स्मरणात राहिली नाहीत, ही बाब येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

कायद्याची भूमिका

भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ नुसार, कृती करतेवेळी मनोविकलतेमुळे त्या कृतीचे स्वरूप, अथवा ती गैर किंवा कायद्याविरुद्ध आहे ही गोष्ट, जाणण्यास जी व्यक्ती असमर्थ असते, तिची कृती अपराध ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम २२ मध्ये आहे. तिचे मूळ इंग्लंडमधील १८४३ च्या मॅकनॉटन प्रकरणातून निघालेल्या नियमांत आहे.

या तरतुदीतील प्रत्येक शब्दाला वजन आहे. केवळ मनोविकार असणे पुरेसे नाही. त्या विकाराने जाणण्याची शक्ती नष्ट झालेली असली पाहिजे, आणि तीही नेमक्या कृत्याच्या क्षणी. शिवाय हा अपवाद सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. सर्वोच्च न्यायालयाने दह्याभाई छगनभाई ठक्कर खटल्यात १९६४ साली स्पष्ट केले की, आरोपीवरील हा भार सरकार पक्षाइतका कठोर नसून दिवाणी दाव्यातील पक्षकाराइतकाच असतो. तसेच सादर झालेल्या पुराव्यामुळे गुन्ह्यास आवश्यक असलेल्या हेतूविषयीच वाजवी शंका निर्माण झाली, तर तिचा लाभ आरोपीला मिळतो. तथापि रोगनिदान हे डॉक्टरांचे काम आणि जबाबदारीचा निर्णय हे न्यायालयाचे काम, ही विभागणी कायम राहिली.

सत्र न्यायालयातील दोन परस्परविरोधी मते

२ जून १९६९ रोजी खटला सत्र न्यायालयात उभा राहिला, तेव्हा बचाव पक्षाच्या वकिलांनी अर्ज करून दोन मुद्दे मांडले : आरोपी मनोविकल असल्याने स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ आहे, आणि कृत्यांच्या वेळीही तो तसाच होता. न्यायालयाने त्याला पोलीस शल्यचिकित्सकांच्या निरीक्षणाखाली ठेवले. सुमारे चार आठवड्यांच्या निरीक्षणानंतर त्यांनी अभिप्राय दिला की, आरोपीची स्मरणशक्ती शाबूत व बुद्धी सर्वसाधारण आहे. त्याला आपल्या कृत्यांचे स्वरूप आणि आपल्यावरील कारवाईचा अर्थ समजतो. त्यामुळे खटला पुढे चालला व आरोपीने गुन्हा कबूल केला.

बचाव पक्षातर्फे नायर रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांची साक्ष झाली. त्यांनी आर्थर रोड कारागृहात आरोपीची पाच वेळा मुलाखत घेतली होती. आरोपीला दीर्घकालीन, संशयप्रधान छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया आहे, असे त्यांचे निदान होते. त्यांच्या साक्षीतील पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. आरोपीने ठार मारण्याच्या हेतूनेच हत्या केल्या व आपण काय करत आहोत हे त्याला कळत होते, हे त्यांनी मान्य केले. मात्र ते गैर किंवा कायद्याविरुद्ध आहे, हे जाणण्यास तो असमर्थ होता, असे त्यांचे मत होते. म्हणजेच कलम ८४ च्या पहिल्या अंगाचा दावा सोडून बचाव पूर्णतः दुसऱ्या अंगावर उभा होता. न्यायालयाने हा बचाव स्वीकारला नाही. आरोपीस दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. त्याने अपील करण्यास नकार दिला.

उच्च न्यायालय व वैद्यकीय मंडळ

आरोपीने अपील केले नाही तरी फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात आणता येत नाही. या प्रकरणात ही तरतूद निर्णायक ठरली. शिक्षा कायम करण्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचे विशेष मंडळ नेमण्याचा आदेश दिला. मंडळाने प्रत्येकी सुमारे दोन तासांच्या पाच मुलाखती घेतल्या.

या मुलाखतींत आरोपीचे पक्के भ्रम प्रकट झाले. जगे दोन आहेत, एक ‘कानून’चे आणि दुसरे हे आपले, असे तो मानत असे. सरकारनेच आपल्याला मुंबईत आणून चोऱ्या व गुन्हे करावयास लावले, असेही तो सांगे. देशात अकबराचे, ब्रिटिशांचे व काँग्रेसचे अशी तीन सरकारे असून ती आपला छळ करतात, अशी त्याची समजूत होती. अखेरच्या भेटीत डॉक्टरांनी निरोपादाखल हात पुढे केला, तेव्हा आपण ‘कानून’चे प्रतिनिधी असून या दुष्ट जगातील माणसांना स्पर्श करणार नाही, असे सांगून त्याने हस्तांदोलन नाकारले.

या प्रसंगात कलम ८४ ची खरी अडचण दिसते. कृत्य ‘कायद्याविरुद्ध’ आहे हे आरोपीला ठाऊक होते का, असे कलम विचारते. परंतु ज्याच्या मनात स्वतःचाच निराळा ‘कानून’ वसला आहे, त्याच्या बाबतीत कोणता कायदा गृहीत धरावयाचा? नावे बदलून वावरणे हे न्यायालयाला जाणतेपणाचे लक्षण वाटू शकते. छळाच्या भ्रमाने ग्रासलेला माणूसही तेच करील, असे मानसोपचारतज्ज्ञ म्हणू शकतो. एकाच वर्तनाचे हे दोन अर्थ केवळ बुद्धीच्या चाचणीने वेगळे करता येत नाहीत.

आरोपीचा मनोविकार बरा होण्यापलीकडचा असल्याचे आढळल्याने अखेर फाशीचे रूपांतर जन्मठेपेत झाले. तोवर १९८७ साल उजाडले होते. पुण्यातील येरवडा कारागृहात असताना त्याच्यावर मानसोपचार करण्यात आले. १९९५ मध्ये ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचा मृत्यू झाला.

निष्कर्ष

१. मनोविकाराचा प्रश्न कायद्यापुढे तीन वेगवेगळ्या क्षणी येतो : कृत्याच्या वेळी, खटल्याच्या वेळी आणि शिक्षेच्या वेळी. रामन राघव पहिल्या दोन कसोट्यांवर जबाबदार ठरला, तिसऱ्या कसोटीवर मात्र फाशीस अपात्र ठरला. यात विसंगती नाही. प्रत्येक वेळी विचारलेला प्रश्नच निराळा आहे.

२. तिसऱ्या क्षणाचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने पुढे स्पष्ट शब्दांत मांडले. शत्रुघ्न चौहान प्रकरणात २०१४ मध्ये मनोविकार हे फाशी रद्द करण्याचे एक कारण मानले गेले. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात, आरोपीचे नाव गुप्त ठेवून, दोषसिद्धीनंतर जडलेला गंभीर मनोविकारही शिक्षा सौम्य करण्यास आधार ठरू शकतो, असा निर्णय देण्यात आला.

३. शिक्षा सौम्य झाली म्हणजे दोष पुसला गेला, असे नव्हे. पदपथावर मारल्या गेलेल्या माणसांना न्याय देणे आणि शिक्षेचा अर्थच न कळणाऱ्याला फासावर न चढवणे, ही दोन्ही कर्तव्ये राज्यसंस्थेचीच आहेत. या खटल्यात ती दोन्ही पार पडली. परंतु अठरा वर्षांच्या विलंबाने. मानसोपचारतज्ज्ञांचा सखोल अभिप्राय शिक्षा सुनावण्यापूर्वीच, खटल्याच्या आरंभीच्या टप्प्यात मिळावा, हाच या प्रकरणाचा विधी, मानसशास्त्र व समाजशास्त्र या तिन्ही शाखांच्या अभ्यासकांना मिळणारा धडा आहे.