स्वमग्नता आणि तिच्या सोबतीची दुखणी

हिंडलग्यासारख्या गावी मूल तीन वर्षांचे होऊनही बोलत नसले, की वडीलधाऱ्यांपाशी कारण तयार असते. घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी कोकणी. एवढ्या भाषांत लेकरू गोंधळले, बोलेल सावकाश! कारण सोयीचे आहे, पण खरे नाही. अनेक भाषा कानी पडल्याने कोणासही स्वमग्नता जडत नाही. बेळगाव-निपाणीच्या मुलुखात मुले पिढ्यान् पिढ्या दोन-तीन भाषा बोलतच वाढली. जे मूल कोणत्याच भाषेतील हाकेस वळत नाही, चांदोबा दाखविण्यासाठी बोट उचलीत नाही, आईच्या नजरेस नजर देत नाही, त्याची अडचण निराळी असते.

१९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी काहींना आरंभी बहिरी समजण्यात आले होते. म्हणूनच न बोलणाऱ्या मुलाचे कान आधी तपासून घ्यावे लागतात.

परंतु एक नाव सापडले म्हणजे शोध संपला असे नव्हे. चोरला घाट उतरला की उत्तर गोवा लागतो. तेथे व देशातील आणखी चार ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. अपस्मार, बहिरेपणा, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता अशा नऊ विकारांचा तीत विचार होता. विकार आढळलेल्या मुलांपैकी सुमारे एक पंचमांश मुलांत एकाहून अधिक विकार होते. अतिचंचलतेचेच पाहा. स्वमग्नता असता अतिचंचलतेचे निदान वेगळे करू नये, असा अमेरिकन मनोविकार संघटनेचा दंडक होता. तो २०१३ साली उठला. शिक्षकांना मात्र दोन्ही गोष्टी एकाच बाकावर केव्हापासूनच दिसत होत्या.

सर्वांत जपावे लागते ते अपस्मारास. स्वमग्न मुलांत तो इतर मुलांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो. बौद्धिक अक्षमताही असेल तर आणखी अधिक. तो बालपणी सुरू होतो, किंवा वयात येताना प्रथमच उद्भवतो. हातपाय झाडणारी आकडी कोणासही कळते. कांदा वा चप्पल हुंगविण्याने ती थांबत नाही. ती आपल्या वेळेने थांबते, श्रेय मात्र चपलेस मिळते! मुलास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक इस्पितळ गाठावे.

दुसरा प्रकार फसवा आहे. मूल काही क्षण शून्यात पाहते, पापण्या फडफडतात, पुन्हा खेळू लागते. स्वमग्न मूल तंद्रीत असले तरी स्पर्शाने बहुधा भानावर येते. या झटक्यात स्पर्शाचाही उपयोग होत नाही. ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून सारे स्वमग्नतेच्या खात्यावर मांडले, तर औषधाने आवरणारा विकार तसाच राहतो. असा प्रसंग मोबाइलवर टिपून डॉक्टरांस दाखवावा.

क्वचित चार-पाच वर्षांचे, चांगले बोलणारे मूल हळूहळू शब्द विसरते, बहिऱ्यासारखे वागू लागते. लँडाऊ व क्लेफनर यांनी १९५७ साली वर्णिलेला हा विकार वरवर स्वमग्नतेसारखा भासतो. मूळ मेंदूतील विद्युत्-प्रवाहाच्या बिघाडात असते. हा बिघाड झोपेतच अधिक प्रकट होतो. म्हणून मेंदूचा आलेख मूल निजले असता काढतात, आणि आदल्या रात्री त्यास उशिरापर्यंत जागविण्यास सांगतात.